वाकून बसायची गाडी

रविवारी दुपारी जेवायला बसायच्या आत गाडीचा निकाल लावतो, असं भालचंद्रने शुक्रवारीच कचेरीत जाहीर करून टाकलं. आवाज असा, की जणू गाडी घ्यायची नसून तिची मुलाखत घ्यायची आहे आणि नापास झाली तर हात हलवत परत पाठवायची आहे.

भालचंद्र बुलडाण्याच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. वय अठ्ठेचाळीस, पोट बेताचं, चष्मा जाड. नोकरीची चोवीस वर्षं त्याने तुलनात्मक तक्ते करण्यात घालवली होती. कुणाचा पाइप जाड, कुणाची खुर्ची टिकाऊ, कुणाचा पंखा कमी कुरकुरतो, हे सगळं तो रकाने पाडून साहेबांपुढे ठेवायचा आणि साहेब खाली सही करायचे. स्वतःच्या घरात मात्र आजवर एक वस्तू त्याने तुलना करून आणली नव्हती. स्कूटर सासऱ्यांनी सांगितली ती घेतली, फ्रिज शेजाऱ्यांनी आणला तसा आणला. मग मुलगा विहंग नोकरीला पुण्याला गेला, घर एकदम रिकामं झालं, आणि कॉलेजात असल्यापासून मनात दडून बसलेली एक इच्छा डोक्यात घरघरायला लागली. भालचंद्रला स्पोर्ट मोटरसायकल हवी होती.

प्रश्न एवढाच होता, की जुनी घ्यायची की नवी. शेजारच्या टेबलावरचे रंगराव म्हणाले, जुनीच घ्या. जुनी गाडी एका पान्याने खुलते, आणि झाडाखाली बसलेला कुठलाही मिस्त्री तिला बरी करतो. विहंगने फोनवरून सांगितलं, बाबा, नवीच घ्या. नवीला एबीएस असतं, म्हणजे ब्रेक कितीही जोरात दाबला तरी चाक जाम होत नाही आणि गाडी घसरत नाही, शिकाऊ माणसाला तेच बरं. 'शिकाऊ' हा शब्द भालचंद्रला लागला. पण त्याने एबीएसचा रकाना पाडला. बघता बघता रकाने चौदा झाले.

नवी गाडी होती गावातल्याच एका शोरूममध्ये. लालभडक, अंगभर प्लॅस्टिकचं चिलखत घातलेली, आणि समोरून बघितलं तर चवताळलेल्या गांधीलमाशीसारखी. शोरूम सांभाळणारा ऋत्विक हा भालचंद्रच्या बायकोचा, म्हणजे प्रतिमाचा, जुना विद्यार्थी. प्रतिमा शाळेत गणित शिकवते. आठवीत असताना तिने ऋत्विकला सबंध तास बाकावर उभं केलं होतं आणि ती धास्ती त्याच्या मनातून अजून गेलेली नव्हती. त्यामुळे ट्रायलची गाडी रविवारी सकाळभर द्यायला तो एका शब्दात कबूल झाला. जुनी गाडी होती धामणगाव बढेला, उकंडराव नावाच्या शेतकऱ्याकडे. तेव्हा बेत असा ठरला, की नवी गाडी घेऊन राजूर घाट उतरायचा, मोताळ्यावरून धामणगाव गाठायचं, दोघींना शेजारी शेजारी उभं करायचं आणि तक्ता भरून जेवायला घरी यायचं.

प्रतिमा म्हणाली, मीही येते.

"तू कशाला? तांत्रिक काम आहे," भालचंद्र म्हणाला.

"मागे मलाच बसायचंय. आणि तुमच्या चौदा रकान्यांत मागच्या सीटचा एकही नाही."

भालचंद्रने मुकाट्याने पंधरावा रकाना पाडला.

शोरूमच्या अंगणात ऋत्विकने गाडी समजावून दिली. या गाडीवर बसायचं नसतं, वाकायचं असतं, असं त्याचं म्हणणं. पोट टाकीला, हात खाली, पाय मागे. भालचंद्र वाकला. शोरूमच्या काचेत त्याने स्वतःला बघितलं आणि त्याला आपण चित्त्यासारखे दिसतोय असं वाटलं. प्रतिमाला तो बेसिनवर तोंड धुणाऱ्या माणसासारखा दिसत होता, पण ऋत्विकसमोर ती काही बोलली नाही.

मागची सीट देव्हाऱ्यातल्या पाटाएवढी होती आणि भालचंद्रच्या डोक्याच्या जवळपास उंचीवर होती. सपाट रस्त्यावर ठीक चाललं. घाट लागला आणि दर वळणाला ब्रेक दाबला, की प्रतिमा घसरगुंडीवरून यावी तशी त्याच्या पाठीवर यायची. तिचं वजन त्याच्या कमरेवर, त्याचं वजन त्याच्या मनगटांवर. तरीही पहिली दोन वळणं भालचंद्र सुखात होता. तिसऱ्या वळणावर माकडांची बैठक भरली होती. त्याने दोन्ही ब्रेक करकचून दाबले. गाडी कटकट करत, थरथरत, पण सरळ रेषेत उभी राहिली. काहीतरी तुटलं, असं तो पुटपुटला.

"तुटलं नाही. तेच एबीएस," प्रतिमा त्याच्या खांद्यावरून म्हणाली. "विहंगने सांगितलं नव्हतं का?"

घाट संपेपर्यंत कमरेत बारीक ठणका सुरू झाला. मोताळ्याला प्रतिमाने चहाला थांबू या म्हटलं, तर तो म्हणाला, नको, अंग छान बसलंय गाडीवर. खरं म्हणजे उतरायची त्याला छाती होत नव्हती.

धामणगावला उकंडरावांच्या अंगणात त्याने गाडी उभी केली, स्टँड लावलं, उतरायला पाय उचलला, आणि कमरेत कुणी कडी लावावी तसं 'कट' झालं. उसण भरली. प्रतिमाने पाय धरून पलीकडे काढला म्हणून भालचंद्र गाडीवरून उतरला, पण त्याचं अंग काही उतरलं नाही. हात गुडघ्यांवर, पाठ टेबलासारखी आडवी, तोंड जमिनीकडे.

"कुणाला सांगू नकोस," तो खालूनच कुजबुजला. "सुटेल आपोआप."

तेवढ्यात उकंडराव बाहेर आले. वय चौसष्टच्या आसपास, धोतर, पांढरी टोपी, चेहरा उन्हाने रापलेला. शहरातला चष्मेवाला साहेब आपल्यापुढे कमरेत वाकून उभा आहे, हे बघून ते फार ओशाळले. एवढा मान त्यांना गावच्या कार्यक्रमातसुद्धा कुणी दिला नव्हता. त्यांनी हात जोडले आणि तेही वाकले. बराच वेळ कुणीच उठेना. शेवटी प्रतिमा म्हणाली, गाडी बघायला आलोय. तेव्हा उकंडराव सुटल्यासारखे सरळ झाले आणि गोठ्याकडे निघाले.

गोठ्याला लागून, गोधडीखाली, जुनी गाडी उभी होती. उकंडरावांनी गोधडी अशी काढली, जशी झोपलेल्या पोराच्या अंगावरून काढतात. वीसएक वर्षांपूर्वीची गाडी. पुढे वाऱ्यासाठी छोटी काच, हँडल चांगलं उंच, सीट लांबरुंद, टाकी काळीभोर. भालचंद्र दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखा चार पावलं चालला आणि इंजिनासमोर येऊन थांबला. मान वळत नव्हती, पाठ उठत नव्हती. इंजिनापासून वीतभर अंतरावर त्याचे डोळे खिळले ते खिळलेच.

उकंडराव बघत राहिले. आजवर आलेलं गिऱ्हाईक टायरला लाथ मारायचं, हॉर्न वाजवायचं, ॲव्हरेज विचारायचं. हा माणूस काहीच करत नव्हता. नुसता इंजिनाच्या तोंडाशी तोंड नेऊन, पापणी न हलवता उभा होता.

भालचंद्रच्या कमरेतून एक कळ निघाली. तोंडातून "हं" एवढंच बाहेर पडलं.

"हाव साहेब," उकंडराव हळूच म्हणाले. "तुम्हाले दिसलंच. वेल्डिंग आहे तठी."

दुसरी कळ आली. "हंऽऽ."

"अन् टाकीबी दुसऱ्या गाडीची आहे. रंग मीच मारला."

मग कळा येत गेल्या आणि कबुलीजबाब निघत गेले. शॉकअप गळतं. मीटरचा काटा दोन वर्षांपासून झोपलेला आहे. पावसाळ्यात पहिल्या किकला चालू झाली, असं कधी झालं नाही. एकदा गावातल्या एका वजनदार माणसाला घेऊन ती नाल्यात गेली होती आणि त्याचा पुढचा दात तिथंच राहिला. भालचंद्रने मोठ्ठा सुस्कारा टाकला, तेव्हा उकंडरावांनी टोपी काढली आणि सांगितलं, की ही गाडी विहिरीत पडलेली आहे, तीन दिवस पाण्यात होती, मोटार लावून उपसा करावा लागला.

प्रतिमा बाजूला उभी राहून ऐकत होती. तिला एक गोष्ट कळेना. दोषागणिक उकंडरावांचा चेहरा पडायच्या ऐवजी खुलत चालला होता. विहिरीपाशी आल्यावर तर त्याचे डोळे चमकत होते. विकायला काढलेल्या गाडीची इतक्या आनंदाने बदनामी करणारा मालक तिने पाहिला नव्हता.

उत्तर पाण्याचे गिलास घेऊन घरातून बाहेर आलं. उकंडरावांच्या बायको, झुंबरबाई.

"कोणत्या विहिरीत पडली हो?" त्यांनी विचारलं. "आपल्या विहिरीले कठडा आहे माणसाएवढा."

उकंडराव टोपी झटकायला लागले.

मग झुंबरबाईंनी प्रतिमाला सगळं सांगितलं. गाडी त्यांच्या मुलाची, गोपालची, कॉलेजातली. गोपालने शेगावला दुकान टाकलं, गाडी इथंच राहिली आणि या माणसाच्या हाती लागली. तेव्हापासून दिवसातून दोनदा, काही काम नसताना, धोतर खोचून स्टँडपर्यंत चक्कर. कधी मोताळ्यापर्यंत. एक दिवस ते धोतर साखळीत जाईल, या काळजीने झुंबरबाईंना घास गोड लागत नव्हता. म्हणून त्यांनीच गाडी विकायची म्हणून चार लोकांत सांगून ठेवलं होतं.

"चार गिऱ्हाइकं यायनं या विहिरीत बुडवले," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाचवे."

एवढं बोलून त्यांनी भालचंद्रकडे नीट बघितलं. मागून बघितलं, बाजूने बघितलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "हे साहेब गाडी नाई पाहून राह्यले. यायले उसण भरली."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. प्रतिमाने मान हलवली. आणि योग असा, की झुंबरबाई पायाळू होत्या. जन्मताना ज्याचे पाय आधी येतात, त्याच्या लाथेने उसण उतरते, असं त्या भागात सगळेच मानतात. पेरणीच्या दिवसांत त्यांच्या दारात लोक पाठी घेऊन रांगेत उभे राहायचे. भालचंद्रने खालून सांगून बघितलं, की मोताळ्याला डॉक्टर असतील, गोळी मिळेल, मी सरकारी नोकर आहे. झुंबरबाई म्हणाल्या, रविवारी दवाखाना बंद असतो, अन् नोकरीचा कमरेशी काय संबंध. शेजारच्या भिंतीवरून दोन डोकी वर आली. मग पाच झाली. एका आजोबांना बसायला खाट आणून देण्यात आली.

झुंबरबाईंनी आधी भालचंद्रला वाकून नमस्कार केला. पाहुण्याला पाय लावायचा म्हणजे त्यांच्याही जिवावर आलं होतं.

"साहेब, पाय लागून राह्यला. मनात धरू नका."

पहिल्या लाथेला भालचंद्रचा चष्मा पडला. दुसरीला तो स्वतः गाडीच्या टाकीवर पडला. तिसरी लाथ अशी वर्मी बसली, की कमरेतली कडी खाडकन निघाली आणि तो ताठ उभा राहिला. भिंतीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. भालचंद्रला आभाळ दिसलं, कौलं दिसली, प्रतिमा दिसली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

फक्त आता त्याला वाकता येईना. पडलेला चष्मासुद्धा प्रतिमाने उचलून त्याच्या नाकावर ठेवला. सगळ्यांनी मिळून त्याला लाल गाडीपाशी नेलं, पण तिच्यावर बसणं म्हणजे वाकणं आलं, आणि भालचंद्र रोवलेल्या खांबासारखा उभा. चहा झाला, तोही त्याने उभ्यानेच घेतला. तेव्हा उकंडराव पुढे आले. जुनीवर मागे सरळ बसता येतं, सीट पलंगावाणी आहे, मी साहेबांना बुलडाण्याला नेऊन घालतो, असं त्यांनी फार साळसूदपणे सुचवलं. झुंबरबाईंनी लगेच हो म्हटलं, एका अटीवर. गाडी तिकडंच विकून यायची आणि येताना एसटीच्या लाल डब्याने यायचं. उकंडरावांनी मान डोलावली. त्या मानेत जीव नव्हता. त्यांनी गोधडीची घडी केली, ती पुन्हा उलगडली आणि पुन्हा केली.

राहिली लाल गाडी. ऋत्विकला फोन करून कुणाला तरी बोलवावं लागेल, असं भालचंद्र म्हणत होता, तोवर प्रतिमाने ओढणी कमरेला बांधली आणि किल्ली फिरवली.

"तुला येते?" त्याने विचारलं.

प्रतिमाचं माहेर डोणगाव. दोन वर्षं ती वडिलांची मोटरसायकल घेऊन मेहकरला कॉलेजला जात होती. बावीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट भालचंद्रला आज कळत होती.

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?" ती म्हणाली आणि अंगणातून निघालीसुद्धा.

परतीचा घाट भालचंद्र जन्मात विसरणार नाही. उकंडरावांनी गोपालचं हेल्मेट टोपीवरूनच चढवलं होतं, धोतर खोचलं होतं, आणि ही शेवटची चक्कर आहे हे त्यांच्या प्रत्येक गिअरमधून कळत होतं. गाडीचा आवाज ढोलासारखा घुमत होता. गाडी डावीकडे झुकायची, उजवीकडे झुकायची, आणि मागे भालचंद्र मिरवणुकीतल्या झेंड्यासारखा उभाच्या उभा. भीती वाटायला हवी होती, पण वाऱ्यात त्याला हसू येत होतं. हसलं की कंबर दुखत होती. या गाडीवर आपण सुखात आहोत, हे त्याला चौथ्या वळणावर कळून चुकलं.

पाचव्या वळणावर शेळ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. पुढे प्रतिमा होती. तिने ब्रेक दाबला, लाल गाडी किंचित थरथरली आणि जागच्या जागी सरळ थांबली. मागून उकंडरावांनी ब्रेक दाबला. मागचं चाक जाम झालं, रस्त्यावर काळी रेघ उमटली, शेपूट फिरली, आणि जुनी गाडी आडवी होऊन प्रतिमाच्या शेजारी अशी थांबली, की भालचंद्रच्या गुडघ्याला एका शेळीचं नाक लागलं. शेळीने त्याची पँट हुंगली आणि ती पुढे गेली.

उकंडरावांनी मागे वळून ती काळी रेघ बघितली. मग त्यांनी हेल्मेटची काच वर केली.

"काऊन हो बाई," त्यांनी विचारलं, "तुमची गाडी घसरली काऊन नाई?"

प्रतिमाने त्यांना एबीएस समजावून सांगितलं. वर्गात सांगावं तसं, चाक कसं पकडतं आणि सोडतं, हे हाताने करून दाखवलं. उरलेला घाट उकंडराव सावकाश चढले. नजर सारखी पुढच्या गाडीच्या मागच्या चाकावर.

शोरूमच्या दारात मॅडमना ट्रायलच्या गाडीवरून उतरताना बघून ऋत्विक खुर्चीतून ताडकन उभा राहिला, जुन्या सवयीने. भालचंद्रला त्याने खुर्ची दिली. भालचंद्रने हात जोडले. उकंडरावांनी लाल गाडीला तीन फेऱ्या घातल्या, वहाणा काढल्या आणि वर बसले. पोट टाकीला, हात खाली, पाय मागे. उन्हात दगडावर पडलेल्या सरड्यासारखे ते निवांत दिसत होते.

भालचंद्रने त्यांना मनापासून सावध केलं. काका, कंबर जाईल, म्हणाला.

"साहेब, चाळीस वर्षं वावरात वाकूनच गेले," उकंडराव टाकीवरूनच म्हणाले. "मी सरळ बसलो, का माही कंबर दुखते."

त्यांनी गोपालला फोन लावला. गोपालने एकच विचारलं, घसरत नाही ना? नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग घेऊन टाका बाबा, तुम्ही तसेही थांबणार नाही. उकंडरावांना हीच गाडी हवी होती, नंबर पडलेली, आजच्या आज नेता येण्यासारखी. पैशांचं आणि कागदपत्रांचं गोपाल उद्या येऊन बघेल असं ठरलं. ऋत्विकने विचारल्यासारखं मॅडमकडे बघितलं. मॅडमनी मान हलवली, आणि त्याने किल्ली देऊन टाकली.

जुनी गाडी भालचंद्रने ठेवून घेतली. तक्ता घडी केलेला खिशात होता, तो त्याने काढलाच नाही. फक्त उकंडरावांना विचारलं, की तुम्ही सांगितलेल्या दोषांतले खरे किती?

"वेल्डिंग खरं. शॉकअपबी खरं," उकंडरावांनी बोटांवर मोजलं. "विहीर खोटी. दात..." ते थांबले. "दाताचं, ज्यायचा होता त्यायले विचारून सांगतो."

आणि ते निघाले. लाल गाडी घाटाच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली, तोच प्रतिमाचा फोन वाजला. झुंबरबाई होत्या. प्रतिमाने फोन दोघांना ऐकू येईल असा धरला.

"साहेबाची कंबर कशी आहे?" त्यांनी आधी विचारलं. बरी आहे म्हटल्यावर, "अन् गाडी? विकली का खरंच?"

"विकली. यांनीच घेतली."

पलीकडून मोठा निःश्वास ऐकू आला. आता रात्रीची झोप लागेल, असं झुंबरबाई म्हणाल्या. तुमचे उपकार झाले, भाकरी खायला या. मग त्यांनी विचारलं, "मंग ते निंघाले काय? कोणत्या गाडीनं येऊन राह्यले?"

प्रतिमा गणिताची बाई. चुकीचं उत्तर तिने आजवर कुणाला दिलेलं नाही. तिने घाटाच्या दिशेला बघितलं, भालचंद्रकडे बघितलं. भालचंद्र आभाळाकडे बघत होता, कारण दुसरीकडे त्याला बघता येत नव्हतं.

"लाल गाडीनं," ती म्हणाली.

"बरं झालं," झुंबरबाई म्हणाल्या. "ते गाडी हळू येते."